कारणे दाखवा नोटीस डिस्कला का नाही?

संगणकातली फाइल उघडेनाशी झाली की आपल्याकडच्या संस्थांमध्ये चौकशी माणसापासून सुरू होते. शेवटी कोण बसलं होतं, पासवर्ड कुणाकडे होता, पेन ड्राइव्ह कुणी लावला, या प्रश्नांची सरबत्ती संपल्यावर कुणाला तरी आठवतं की खोलीत एक यंत्रही आहे. तोवर एखाद्या ऑपरेटरकडून किंवा लिपिकाकडून लेखी खुलासा मागवून झालेला असतो. मी पंधरा-सोळा वर्षं शाळा, पतसंस्था, वाचनालयं आणि ट्रस्टच्या कार्यालयांचे संगणक बघतो आहे. त्यावरून माझं मत असं झालंय की डेटा गेल्याच्या कुठल्याही प्रकरणात संगणकानं स्वतः केलेल्या नोंदी वाचल्याशिवाय कर्मचाऱ्याला नोटीस देणं हा अन्याय आहे. त्या नोंदी वाचायला अर्धा तास लागतो. नोटीस टाइप करायला साधारण तेवढाच.

हे मत ज्या प्रकरणानं पक्कं केलं ते मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण अशा संस्था पुष्कळ आहेत आणि ही त्यातली वाईट नाही. या संस्थेनं आपल्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे प्रवेश आणि दाखल्याच्या नोंदवह्या, पानोपान स्कॅन करून घेतल्या. ज्यांना हे रिकामटेकडं काम वाटतं त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. ओबीसी प्रवर्गातून जात पडताळणी करून घ्यायची तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा समिती मागते. आपल्यातल्या मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान घरांकडे जमिनीचे कागद बहुधा नसतात. मग उरतं ते आजोबांचं शाळेतलं नाव. त्यातही बऱ्याच ठिकाणी मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहून विषय संपवलेला असतो. एखाद्या पानावर 'मुसलमान पिंजारी' असं पूर्ण लिहिलेलं सापडलं तर त्या एका ओळीवर अख्ख्या खानदानाच्या पोरांची फी, हॉस्टेल आणि नोकरी उभी राहते. मराठवाड्यात तर १९४८ च्या आधीची पानं उर्दूत, तारखा फसली सनाच्या. ती वाचू शकणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. आणि हा प्रश्न फक्त आपला नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळच्या अशाच दफ्तरांवरची धूळ झटकली गेली होती.

तर या संस्थेत एका सकाळी अशा स्कॅन केलेल्या पानांचं एक फोल्डर गायब झालं. आदल्या दिवशी तिथे ऑपरेटर मुलगी बसली होती. कंत्राटी, महिन्याचा पगार सांगायला लाज वाटावी इतका. तिनं सांगितलं की आदल्या दिवशी ते फोल्डर उघडताना संगणक खूप रखडला, एक इंग्रजी संदेश आला, आणि तिनं संगणक बंद केला. खजिनदार चाचांना हे पटलं नाही. "मशीन को क्या दुश्मनी हय? किसी ने तो हात लगाया होगा ना," असं त्यांचं म्हणणं. गावातला एक दुरुस्तीवाला बोलावला गेला. त्यानं डिस्क काढली, आपल्या दुकानात नेऊन तपासली, 'डिस्क एकदम ओके, कुणीतरी डिलीट केलंय' असं तोंडी प्रमाणपत्र दिलं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या हातात कारणे दाखवा नोटीस. मला बोलावलं ते 'रिकव्हरी' करायला. चौकशी करायला कुणी बोलावलं नव्हतं.

तिला आलेला संदेश तिनं मोबाइलमध्ये टिपून ठेवला होता, ही तिची हुशारी. 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक.' हा संदेश मी आयुष्यात शेकडो वेळा पाहिला आहे आणि तो वाचून सामान्य माणसाला काही बोध झाल्याचं एकदाही पाहिलेलं नाही. याचा साधा अर्थ असा: लिहिताना आकड्यांची एक पडताळणी-बेरीज सोबत ठेवलेली असते, वाचताना ती जुळली नाही. कुठे जुळली नाही, का नाही, याबद्दल अक्षर नाही. याचेच भाऊबंद म्हणजे 'फाइल ऑर डिरेक्टरी करप्टेड अँड अनरीडेबल', आणि सगळ्यात घातक, 'ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल.' या शेवटच्या संदेशात फॉरमॅटचं बटण हाताशीच दिलेलं असतं. भल्या माणसांनी ते दाबलेलं मी पाहिलंय.

वर दिसणारा संदेश असा मोघम का असतो? तहसील कचेरीच्या खिडकीवर तुम्ही नक्कल मागता. खिडकीवरचा कारकून शिपायाला सांगतो, शिपाई अभिलेख कक्षात जातो, परत येऊन 'मिळत नाही' म्हणतो. कारकून तुम्हाला तेवढंच सांगतो. आत छप्पर गळतंय, की उंदरांनी गठ्ठा खाल्लाय, की शिपाई चुकीच्या रॅकवर गेला, हे खिडकीला माहीत नसतं. संगणकातही फोटो उघडणारा प्रोग्राम ही खिडकी. त्याच्या खाली फाइल सिस्टिम, तिच्या खाली विभाजन, मग ड्रायव्हर, मग केबल, आणि शेवटी फिरणारी तबकडी. दुखणं तबकडीत असतं आणि कण्हण्याचा आवाज खिडकीतून येतो. त्यामुळे खिडकीवर बसलेल्या माणसावर संशय जाणं सोपं. खाली उतरायचं तर मात्र एकेक पायरी उतरावी लागते.

विंडोजमध्ये ही पायरी इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या जागी आहे. तिथल्या 'सिस्टिम' विभागात संगणक आपली रोजनिशी लिहीत असतो, कुणी वाचो न वाचो. त्यात 'डिस्क' या स्रोताच्या, ७ क्रमांकाच्या नोंदी शोधायच्या. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरचा अमुक तुकडा वाचता आला नाही. १५३ म्हणजे वाचण्याचा प्रयत्न फसला, पुन्हा करावा लागला. या संस्थेच्या संगणकात ७ ची पहिली नोंद फोल्डर गायब होण्याच्या तेवीस दिवस आधीची होती. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी, मग रोज. तेवीस दिवस डिस्क सांगत होती की मला वाचता येत नाही. तिचं ऐकणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

'ॲप्लिकेशन' विभागात याहून महत्त्वाची गोष्ट सापडली. ज्या सकाळी फोल्डर दिसेना झालं त्याच सकाळी, संगणक सुरू होताना, चेकडिस्क आपोआप चाललं होतं. 'विनइनिट'ची १००१ क्रमांकाची नोंद, त्याखाली सगळा अहवाल. डिस्कवर ज्या जागी त्या फोल्डरची सूची होती ती जागाच वाचता येत नव्हती. सूची गेली म्हणजे आतली पानं अनाथ. चेकडिस्कनं ती अनाथ पानं गोळा करून 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. ते फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. पानं तिथेच होती, त्याच डिस्कवर, एका विचित्र नावाच्या पोटात. कुणी काही डिलीट केलेलं नव्हतं.

मग दुरुस्तीवाल्याची 'एकदम ओके' डिस्क? इथे खरी गंमत आहे, आणि मला वाटतं प्रकरणाचा जीवही इथेच आहे. संगणकात एक छोटी एसएसडी होती, तिच्यावर विंडोज. शिवाय एक-एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. एकीवर हिशेब, दुसरीवर स्कॅन. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदीत 'हार्डडिस्क २' असं होतं. दुरुस्तीवाल्यानं नोंद पाहिली होती, त्याला श्रेय द्यायला हवं. पण 'दोन' म्हणजे दुसरी असं समजून त्यानं ओळीतली दुसरी डिस्क काढली. संगणक मोजणी शून्यापासून करतो. शून्य म्हणजे एसएसडी, एक म्हणजे हिशेबाची, दोन म्हणजे तिसरी, स्कॅनची. त्यानं हिशेबाची निरोगी डिस्क दुकानात नेली, तपासली, आणि खरं तेच सांगितलं. डिस्क ओके होती. फक्त ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. एका निर्दोष डिस्कचं आरोग्य एका निर्दोष मुलीविरुद्धचा पुरावा ठरलं.

म्हणून माझा आग्रह असतो की डिस्क ओळखायची ती तिच्या अनुक्रमांकावरून. 'डिस्क २' हे नाव संगणकानं त्या दिवसापुरतं दिलेलं असतं. एखादी जास्तीची डिस्क जोडा, केबलची जागा बदला, आकडा बदलू शकतो. लिनक्सवाल्यांनाही ही डोकेदुखी ठाऊक आहे, तिथे काल 'एसडीबी' असलेली डिस्क पुन्हा सुरू केल्यावर 'एसडीसी' होऊ शकते. मदरबोर्डवरच्या पोर्टचे आकडे कुठे शून्यापासून, कुठे एकापासून. या सगळ्या आकड्यांच्या जत्रेत एकच ओळख पक्की असते, ती डिस्कच्या लेबलवर छापलेली असते आणि डिस्कच्या आतही लिहिलेली असते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो एकाच पडद्यावर ड्राइव्हचं अक्षर, डिस्कचा आकडा, मॉडेल आणि अनुक्रमांक दाखवतो. अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यायचा, संगणक बंद करून झाकण उघडायचं, लेबल जुळवायचं. जुळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. लेबल आत तोंड करून बसवलेलं असेल तर टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा वापरायचा, अंदाज वापरायचा नाही.

डिस्क सापडली म्हणजे तीच दोषी असं मात्र लगेच म्हणता येत नाही. माणसाला संशयाचा फायदा द्यायचा तर डिस्कलाही द्यायला हवा! केबल ढिली असली, वीज पुरवणारा डबा थकलेला असला, तरी वरचे संदेश साधारण असेच येतात. भेद करायला डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेले आकडे बघायचे, त्या पद्धतीला 'स्मार्ट' म्हणतात. त्यातला १९९ क्रमांकाचा आकडा केबलवरून येताना बिघडलेल्या मजकुराचा. तो वाढत असेल तर आधी केबल बदलावी. पण हा आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून जुना आकडा पाहून घाबरायचं नाही, वाढतोय का ते पाहायचं. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर. ५ म्हणजे खराब ठरवून ज्यांच्याऐवजी राखीव जागेतले दुसरे वापरात घेतले ते सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कनं स्वतःच तपासणी करताना हात टेकले ते. क्रिस्टलडिस्कइन्फोत हे क्रमांक आणि आकडे मुळात सोळाच्या पाढ्यात येतात, त्यामुळे १९७ तिथे 'सी५' होतो. या संस्थेच्या डिस्कवर सी५ समोर १५८ दिसत होतं, ते आपल्या मोजणीनं ३४४. ५ समोर ६०, म्हणजे ९६. केबलचा आकडा शून्य. तरीही मी नवी केबल लावून, दुसऱ्या पोर्टवर जोडून पाहिलं. नोंदी त्याच सेक्टरांवर पुन्हा आल्या. केबलचा दोष असता तर तो जागा बदलत फिरला असता. एकाच जागी पुन्हा पुन्हा ठेच लागते तेव्हा खड्डा रस्त्यातच असतो.

३४४ हा आकडा मोठा वाटतो का? एक टीबीच्या डिस्कवर सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. त्यातले ३४४ म्हणजे काहीच नाही. पण ते कुठे आहेत यावर सगळं ठरतं. रिकाम्या जागेत असतील तर वर्षभर कुणाला कळणारही नाही. फोल्डरच्या सूचीवर असतील तर एका रात्रीत हजार पानं गायब. म्हणून 'एवढासा बिघाड, एवढं मोठं नुकसान कसं?' हा जो प्रश्न संशयाला खतपाणी घालतो, त्याला अर्थ नाही.

आणखी एक. संगणक सुरू होताना जी 'स्मार्ट ओके' अशी ओळ येते तिच्यावर विसंबू नये. ती ओळ कंपनीनं ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत ओकेच राहते आणि ती मर्यादा फार सैल असते. या डिस्कचीही ओकेच होती. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या दोन गोष्टी मला कायम लक्षात राहिल्या. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आणि दुसरीकडे, बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, आधी कुठलाही इशारा दिलेला नव्हता. म्हणजे डिस्क ओरडली तर धावलंच पाहिजे, आणि ती गप्प आहे म्हणून निवांत झोपताही येत नाही. दुसरी प्रत हाच त्यावर उपाय.

आता दुरुस्तीबद्दल थोडं, कारण इथे घाईनं सर्वात जास्त नुकसान होतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर पुन्हा चेकडिस्क चालवणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. चेकडिस्कला तुमच्या पानांची काळजी नसते, त्याला आपली वहीखाती जुळवायची असतात. जुळत नसलेलं तो कापून टाकतो. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, मग जे काही करायचं ते त्या प्रतीवर. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करतो आणि डीडीरेस्क्यू वापरतो. मोफत आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं, अडलं की पुढे जातं, आणि अवघड जागा शेवटी पुन्हा पुन्हा खरवडतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याचा नकाशाही लिहून ठेवतं, मध्येच वीज गेली तर तिथून पुढे सुरू होतं. मराठवाड्यात हा गुण लहान नाही. दीड दिवस लागला. शेवटी न वाचलेला भाग दीड एमबीपेक्षा कमी राहिला. 'फाउंड.०००' मधली पानं बहुतेक आपापल्या नावासकट मिळाली. नऊ पानं फाटली, म्हणजे वरचा अर्धा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टा. नवातल्या सहांचे कागद अजून कपाटात होते, ते पुन्हा स्कॅन झाले. तीन पानांचे कागद स्कॅनिंगनंतर वाळवीनं संपवले होते. त्या तीन पानांच्या खालच्या अर्ध्यात कुणाची नावं होती हे आता कुणाला सांगता येणार नाही. एखादा नातू कधीतरी त्या संस्थेच्या दारात येईल आणि त्याला 'नोंद मिळून येत नाही' असा दाखला मिळेल.

'मशीन को क्या दुश्मनी' हा प्रश्न तालुक्याच्या गावातच विचारला जातो असं समजू नका. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसनं होरायझन नावाच्या संगणक प्रणालीवर विसंबून उपडाकघर चालवणाऱ्या माणसांना चोर ठरवलं. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्यात आपल्या उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतली माणसं बरीच होती. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवलं गेलं. तिथे दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, डिस्कमध्ये नाही, पण चौकशीची दिशा तीच, आकडा चुकला म्हणजे माणसानं हात मारला. तिथल्या न्यायालयांत तर संगणक नीट चालत होता असं गृहीतच धरलं जात होतं. २०२४ मध्ये खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपला कायदा या बाबतीत उलट बरा आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ ब आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात घेण्यासाठी प्रमाणपत्र मागतं, आणि त्या काळात संगणक नीट चालत होता का, हा त्यातला एक मुद्दा असतो. न्यायालयात जी खातरजमा लागते ती संस्थेच्या कार्यकारिणीच्या बैठकीत का लागू नये? मुलीला दिलेल्या नोटिशीत 'आपण दिनांक अमुक रोजी सदर फोल्डर नष्ट केल्याचे निदर्शनास आले आहे' असं वाक्य होतं. कुणाच्या निदर्शनास? कशावरून? सोबत इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदींची एक छापील प्रत जोडायची सक्ती असती तर हे वाक्य टाइप करणाऱ्याचा हात थबकला असता.

यावर एक हरकत मला नेहमी ऐकू येते. 'भाई, आम्ही मास्तर माणसं, आम्हाला हे सेक्टर-बिक्टर काय कळणार?' कळायची गरज नाही. विजेचं मीटर वाचायला कुणी इलेक्ट्रिशियन होत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला कुणीतरी एकानं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून तीन-चार आकडे वहीत उतरवायचे, निळ्याचं पिवळं झालं की फोन करायचा. आणि हे काम त्या कंत्राटी ऑपरेटरवरच ढकलायचं असेल तर तिला त्याचे पैसे द्यावेत, आणि तिनं लिहून दिलेलं सचिवांनी वाचून सही करावी. दुसरी हरकत पैशाची. डिजिटायझेशनच्या उद्घाटनाला बॅनर, शाली, पाहुण्यांचं जेवण यावर जो खर्च झाला, त्यात दोन जास्तीच्या डिस्क सहज आल्या असत्या. एक संगणकात, एक सचिवांच्या घरी कपाटात. 'क्लाउडवर टाका' हा सल्लाही चांगला आहे, पण ज्या गावात पाच वर्षांपूर्वीच्या ऑपरेटरच्या खासगी जीमेलवर संस्थेचं खातं आहे तिथे तो सल्ला मी जपून देतो. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या की झालं, असंही काही जण सांगतात. आरशात चांगलं दिसतं तसं वाईटही दिसतं, एकीवर फोल्डर पुसलं की दुसरीवरही पुसलं जातं. ती सोय डिस्क मेल्यावर काम चालू राहावं म्हणून असते. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत देणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

माझा अहवाल दोन पानांचा होता. डिस्कचा अनुक्रमांक, नोंदींच्या तारखा, चेकडिस्कचा अहवाल, केबल बदलल्यानंतरचा निकाल. खजिनदार चाचांनी तो शांतपणे ऐकला आणि मुलीला म्हणाले, "जाने दो बेटा, अब भूल जाओ." प्रेमानंच म्हणाले, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण नोटीस लेखी आणि माफी तोंडी हा हिशेब मला जमत नाही. ती मुलगी उद्या दुसऱ्या शाळेत अर्ज करील तेव्हा तिच्या सेवापुस्तकात नाही तरी गावाच्या तोंडात ती नोटीस असेल. लेखी नोटीस लेखीच मागे घेतली पाहिजे, आणि मागे घेताना कारणही लिहिलं पाहिजे: अमुक अनुक्रमांकाची डिस्क नादुरुस्त आढळल्याने. मी हे त्यांना सांगितलं आहे, पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हणाले आहेत.

वाचकांपैकी जे कुणी शाळा, मदरसा, वाचनालय, जमात किंवा पतसंस्थेच्या कारभारात आहेत त्यांना एक विनंती. या आठवड्यात आपल्या कार्यालयातला संगणक उघडा, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' स्रोताच्या ७ क्रमांकाच्या नोंदी आहेत का ते बघा, आणि प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक व तिच्यावर काय ठेवलंय हे एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या बाजूला चिकटवा. ७ ची एक जरी नोंद सापडली तर संगणक बंद करा आणि आधी प्रत घेणारा माणूस शोधा. मराठवाड्यात असाल आणि माणूस मिळत नसेल तर मला कळवा, मी येतो. येताना नवी डिस्क तेवढी आणून ठेवा.